तक्ता राहू द्या, आधी पाण्याच्या बाटल्या बघा

मॅडम, घणसोलीच्या शाळेत सहावीचा आरोग्याचा तास तुमच्या गळ्यात पडलाय आणि समतोल आहाराचा तक्ता लावला की वर्ग जांभया देतो, असं तुम्ही लिहिलंय. देणारच. तो तक्ता ती तिसरीपासून बघतायत. ठाणे-ऐरोलीत मिळून माझी एकोणीस वर्षं झाली, पहिली चार मीही तेच केलं.

शाळा सुटायच्या आधी सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या बाकावर ठेवायला सांगा. बोलू काहीच नका. माझ्या वर्गात मुलांच्या रिकाम्या निघाल्या, मुलींच्या जवळजवळ सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. आणि मी आपली वर्षभर "पाणी प्या गं" करत होते! शेवटी एक जण हळूच म्हणाली, "बाई, प्यायलं की जावं लागतं." मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटली होती. एकीने आत जायचं, दुसरीने दार धरून उभं राहायचं, आणि मधली सुट्टी अवघी वीस मिनिटांची. कडीसाठी तीन आठवडे अर्ज फिरला, मग शिपाईमामांनीच आणून बसवली. पाण्यावर धडा घ्यायची वेळ पुन्हा आली नाही.

तेव्हापासून, शाळेत जे करता येत नाही ते मी शिकवत नाही. नळाशी साबण नसताना हात धुण्याच्या पायऱ्या सांगून काय उपयोग? कांद्याच्या जाळीत वडी घालून नळाला बांधा. २० सेकंद हात चोळायचे असतात, बेचा पाढा सावकाश म्हटला की साधारण तेवढे होतात.

साखरेचा तास मात्र रंगतो. थंड पेयाची रिकामी बाटली आणा, लेबल मुलांनाच वाचू द्या. बहुतेकांवर १०० मिलीला १०-११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलीला सहा चमच्यांच्या वर. ते चमचे एकेक करून स्टीलच्या पेल्यात घाला. चौथ्या चमच्याला वर्ग गप्प होतो. (कुणीतरी बोट घालून चाटतंच, चालायचं.) शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तुमच्या फाटकासमोर काय आहे ते बघाच.

पण कुणाच्या डब्यावर बोलू नका. आई साडेसहाला रबाळ्याच्या कंपनीत जायला निघते आणि पोराच्या हातात वीस रुपये ठेवते. त्याच्या वडापावला सगळ्यांसमोर नाव ठेवलंत, तर तो वडापाव सोडणार नाही, लपवून खाईल. वजनही मोठ्याने वाचू नका, "ढोल्या" हे नाव दहावीपर्यंत चिकटतं.

लोहाच्या निळ्या गोळ्या येत असतील तर आठवड्याला एक, जेवणानंतरच. उपाशीपोटी मळमळतं, मग गोळी खिडकीबाहेर जाते. शौचाला काळी होईल हे आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पालक दारात.

पाळीच्या तासाला मुलग्यांना मैदानात पाठवू नका. प्रश्न चिठ्ठीवर नाव न लिहिता घ्या. एखाद्या चिठ्ठीत कुणी त्रास देतंय असं दिसलं, तर ती वर्गात वाचू नका, स्वतः चौकशीही करत बसू नका. १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकाला फोन करा, लैंगिक छळाचा संशय असेल तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे.

तक्ता भिंतीवरून काढू मात्र नका. तपासणीला येणारे आधी तोच बघतात.