हद्दीच्या दगडांचे फोटो काढून पोट भरेल का?

(तासगावच्या एका पालकांचं पत्र, थोडक्यात : माझा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डरी घेतो. मुलगी सांगलीला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. पुण्यात तिने एका प्रदर्शनात सीमा आणि विसरलेला इतिहास यावर काम करणाऱ्या फोटोग्राफरचे फोटो पाहिले. तेव्हापासून सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन शिवारं हिंडते. आता बीए सोडून मुंबईत फोटोग्राफीचा एक वर्षाचा डिप्लोमा करायचा म्हणते. तिच्या फोटोत माणूस नसतो, काही घडत नसतं. तीन फोटो सोबत पाठवतोय. यात करिअर आहे का?)

सप्रेम नमस्कार,

आधी निर्णयाचं सांगते. बीए सोडू देऊ नका आणि हे फोटोही बंद करायला लावू नका. तिला ज्या वाटेने जायचं आहे, तिथे इतिहासाची पदवी ही अडचण नाही, भांडवल आहे.

फोटोत काही घडत नाही, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण या प्रकारच्या कामात ते मुद्दाम असतं. क्लोई ड्यू मॅथ्यूज नावाच्या ब्रिटिश फोटोग्राफरचं २०१४ सालचं काम बघा. पहिल्या महायुद्धात रणांगणातून पळाल्याच्या किंवा भ्याडपणाच्या आरोपाखाली ज्या सैनिकांना त्यांच्याच सैन्याने गोळ्या घातल्या, त्यांच्या मृत्यूच्या जागा तिने फ्रान्स आणि बेल्जियममध्ये शोधून काढल्या. मग त्याच जागी, त्याच ऋतूत, शक्य तितक्या त्याच वेळी, म्हणजे बहुतेकदा पहाटे, कॅमेरा लावला. चित्रात दिसतं काय, तर शेत, चर, झाडी. खाली नाव, दिवस आणि ठिकाण वाचलं की तेच शेत वेगळं दिसायला लागतं. यातल्या ब्रिटिश सैन्यातल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनच्या सरकारने २००६ मध्ये माफी दिली, इतका तो विषय दबून राहिला होता. फोटो काढायला लागले असतील काही मिनिटं. त्याआधी दप्तरं चाळण्यात गेलेला काळ मोठा.

आता तुमच्या मुलीचा दुसरा फोटो. बांधावर कललेला दगड, अर्ध्यापर्यंत शेंदूर, मागे द्राक्षाची बाग. उजेड उत्तम पकडलाय, तो हात तुमच्याच स्टुडिओत तयार झाला असणार. पण खाली एक ओळ नाही. तो दगड दोन गावांच्या शिवेचा आहे, मोजणीचा आहे, की एखाद्या संस्थानच्या हद्दीचा? हे तिला ठाऊक नसेल तर फोटो अर्धाच झालाय.

आणि तुमच्या भागात हा प्रश्न फार मोलाचा आहे. १९४८ पूर्वी आजच्या सांगली जिल्ह्याचा नकाशा ठिगळांचा होता. सांगली एक संस्थान, मिरज थोरली पाती दुसरं, धाकटी पाती तिसरं आणि तिची राजधानी बुधगाव. म्हणजे सायकलवरून एका दिवसात फिरून येता येईल एवढ्या टापूत तीन राजधान्या. जत डफळ्यांचं, आटपाडी आणि कुंडल औंधच्या पंतप्रतिनिधींचं आणि तुमचं तासगाव इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. या हद्दी नुसत्या कागदावर नव्हत्या. १९४३ नंतर प्रतिसरकारचे, म्हणजे साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या समांतर सरकारचे, भूमिगत कार्यकर्ते इंग्रजी मुलखातून औंध संस्थानच्या हद्दीत आसऱ्याला जात. एक ओढा ओलांडला की राज्य बदलायचं! १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं आणि त्या जुन्या रेषा लोकांच्या बोलण्यातूनही गेल्या. त्या कुठून जात होत्या, हे कॅमेऱ्याने शोधायला एवढी जवळची माणसं, एवढी ओळखीची वाट तिला दुसरीकडे मिळणार नाही.

त्यासाठी दोन गोष्टी तिने आत्ताच सुरू कराव्यात. एक, मोडी शिकावी. संस्थानी दप्तरं मोडीत आहेत आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात बसायचं तर त्याला पर्याय नाही. शिवाय २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली, ते तुम्ही पाहिलंच असेल. त्यातून चार पैसेही मिळतील. दुसरी गोष्ट कन्नड, निदान बोलण्यापुरती. जतच्या पूर्वेकडे उमदी, संखकडे गेलं की ती लागतेच. २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातल्या गावांवर हक्क सांगितला तेव्हा गदारोळ झाला, पण त्यामागे पाण्यासाठीची जुनी वणवण होती. अशा गावात एकटीने अचानक कॅमेरा काढू नये. आधी ग्रामपंचायतीत भेटावं, काय करतोय ते सांगावं आणि पुढच्या फेरीत फोटोच्या प्रिंट नेऊन द्याव्यात. सुरुवातीला तुम्ही सोबत जा. तुमची काळजीही मिटेल.

डिप्लोम्याचं म्हणाल तर एक वर्षाच्या बहुतेक कोर्समध्ये कॅमेरा, लाइट आणि एडिटिंग शिकवतात. त्यातलं बरंचसं ती घरी शिकलेली आहे, त्यासाठी फी भरू नका. पदवीनंतर गांधीनगरच्या एनआयडीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याला प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते. मुलाखतीत दोन वर्षं एकाच विषयाला धरून केलेलं काम पुढे ठेवता आलं, तर तिची बाजू भक्कम होईल.

पैशाचं स्पष्ट सांगते. गॅलरीत प्रिंट विकून त्यावरच घर चालवणारे फोटोग्राफर आपल्या देशात थोडे आहेत. बाकीचे शिकवतात, संग्रहालयांची आणि संस्थांची कामं घेतात, जुन्या कागदपत्रांचं डिजिटायझेशन करतात आणि त्यातून स्वतःच्या कामाला वेळ काढतात. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स अशा कामांना अनुदान देतं, पण ते त्या प्रकल्पापुरतं असतं. म्हणून सीझनमध्ये तिने तुमच्याबरोबर लग्नं करावीत, त्यात कमीपणा काही नाही. मात्र तिच्या कमाईतला ठरावीक वाटा तिच्या प्रवासासाठी आणि प्रिंटसाठी बाजूला ठेवा आणि सीझन संपला की तिला मोकळं सोडा.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. भूमी अभिलेख कार्यालयातून त्या गावाचा नकाशा काढून, दगड कुठल्या शिवेवर आहे ते तपासून, गावातल्या जुन्या माणसांशी बोलून, फोटोखाली पाच ओळी लिहून पाठवायला सांगा. मी वाचून उत्तर देईन.