प्लास्टरच्या आधी : सदोष आरसीसी सांगाडा आणि ठेकेदाराचा हप्ता

प्रश्न : ऐरोलीतील आमचे सिडकोच्या भूखंडावरचे जुने रो-हाउस पाडून आम्ही तळमजला अधिक एक मजला असे घर बांधायला घेतले आहे. ठेकेदार माझ्या यजमानांच्या गावचे असल्यामुळे करारपत्र दोन पानांचेच झाले. पहिल्या मजल्याचा स्लॅब भरल्यावर सहाव्या दिवशी त्यांनी टेकू आणि सेंटरिंग काढले, तेव्हा तळमजल्याच्या दोन कॉलमच्या पायथ्याशी खडी उघडी पडलेली आणि एका ठिकाणी सळई दिसत असलेली आढळली. कोपऱ्यातला एक कॉलम नुसत्या डोळ्यांनाही कललेला दिसतो; माझ्या भावाने ओळंबा लावून पाहिला, तर तीन मीटर उंचीत ३२ मिलिमीटरचा फरक निघाला. नकाशात कॉलम ३०० बाय ४५० मिलिमीटरचे आणि काँक्रीट एम-३० (ही ताकदीची प्रत) दाखवले आहे. ठेकेदार म्हणतात, "वहिनी, काळजी करू नका, प्लास्टरमध्ये सगळे सरळ करून देतो." पुढचा हप्ता मात्र त्यांना याच आठवड्यात हवा आहे आणि वरच्या कॉलमचे स्टील बांधायला फिटर येऊन थांबले आहेत. एकूण ठेका ३८ लाखांचा असून निम्म्याहून अधिक पैसे देऊन झाले आहेत. आम्ही काय करावे?
— एक वाचक भगिनी, ऐरोली

उत्तर : आपल्याला हे उत्तर पत्राने आधीच कळवले आहे, अशाच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठी ते येथे देत आहे.

हप्त्याचा विचार नंतर करू. सर्वांत आधी स्लॅबखाली आणि विशेषतः बीमखाली पुन्हा टेकू लावून घ्या आणि स्लॅबवर विटा किंवा वाळू रचली असेल तर ती खाली उतरवा. भारतीय मानक ४५६ (२०००) प्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटच्या कामात साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे किमान १४ दिवस ठेवायचे असतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वापरले जाणारे राखमिश्रित सिमेंट सावकाश पकडते, म्हणून त्याला याहून अधिक वेळ द्यावा लागतो. सहाव्या दिवशी सगळेच टेकू काढणे या दोन्ही मुदतींत बसत नाही. नवे टेकू लावताना ते फक्त घट्ट टेकवावेत. जॅक आवळून बीम वर उचलण्याचा प्रयत्न कोणी करू नये, कारण त्याने नव्या भेगा पडतात.

आता प्लास्टरच्या आश्वासनाविषयी. आपल्या घराचे सर्व वजन, आणि भूकंपाच्या वेळी येणारा आडवा जोर, कॉलम आणि बीम यांच्या सांगाड्यातूनच पायापर्यंत जातो. प्लास्टर त्यातला काहीही भार घेत नाही. कॉलम शंभर टक्के ओळंब्यात उभा राहत नाही हे गृहीत धरूनच मानकाने डिझाइनमध्ये किमान उत्केंद्रता, म्हणजे भार कॉलमच्या मध्यापासून सरकण्याचे अंतर, घ्यायला सांगितली आहे : कॉलमच्या आधाराविना उंचीचा ५०० वा भाग अधिक त्या बाजूच्या मापाचा ३० वा भाग, आणि ती २० मिलिमीटरपेक्षा कमी नाही. आपल्या कॉलमचा हिशेब केला तर ३०० मिलिमीटरच्या बाजूला १६ येतात, म्हणून २० धरायचे, आणि ४५० च्या बाजूला २१ येतात. आपल्या भावाने मोजलेले ३२ मिलिमीटर त्याच्या बरेच पुढे गेलेले आहेत. याचा अर्थ कॉलम उद्या पडेल असा नाही, परंतु डिझाइन करणाऱ्या अभियंत्याने प्रत्यक्ष कल धरून तो कॉलम पुन्हा तपासलाच पाहिजे, आणि ही तपासणी वरचा मजला चढण्याआधी झाली पाहिजे. वरचा कॉलम सरळ उभा करण्यासाठी फिटर खालून आलेल्या सळया वाकवतात, हा प्रकार मी ठाणे-नवी मुंबईतील अनेक कामांवर पाहिला आहे. तो मूळ कलापेक्षाही वाईट आहे. शिवाय ३२ मिलिमीटर जाडीचे प्लास्टर एका बाजूला थापले तर ते काही पावसाळ्यांत सुटून पडण्याची शक्यता मोठी असते.

उघड्या खडीचा, म्हणजे हनीकोंबिंगचा प्रश्न मला कलापेक्षा अधिक गंभीर वाटतो. काँक्रीट दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून मोकळे सोडले, तळाशी सळयांच्या जोडांची गर्दी असताना व्हायब्रेटर नीट फिरवला नाही, किंवा शटरिंगच्या फटीतून सिमेंटचे पाणी वाहून गेले, की खाली नुसती खडी उरते. दुर्दैवाने भूकंपात कॉलमवर सर्वाधिक ताण त्याच्या दोन टोकांना, म्हणजे नेमका पायथ्याशी आणि डोक्याशी येतो. भूकंपविषयक मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई-ठाण्याचा परिसर भूकंपक्षेत्र ३ मध्ये आहे, आणि भूकंपरोधक बांधणीचे मानक १३९२० कॉलमच्या या टोकांजवळ रिंगांमधले (उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या कड्यांमधले) अंतर १०० मिलिमीटरच्या पुढे जाऊ देत नाही, ते याच कारणासाठी. रिंगांचे हुक १३५ अंशांत आत वळवलेले आहेत की नुसते काटकोनात मोडले आहेत, हे उघड्या पडलेल्या जागी दिसत असेल तर त्याचे जवळून छायाचित्र घ्या. दुसरी गोष्ट गंजाची आहे. ऐरोली खाडीला लागून आहे. कॉलमच्या मुख्य सळयांवर साधारणपणे ४० मिलिमीटरचे काँक्रीटचे आवरण हवे असते आणि आपल्याकडे एक सळई उघडीच आहे. त्या दमट, खारट हवेत ती झाकून टाकली तरी आतून गंजत राहील आणि फुगून प्लास्टर फोडील.

सिमेंटचा घोळ करून ही जागा लिंपून टाकण्याची घाई होईल. ती होऊ देऊ नका. सैल भाग छिन्नीने काढून पोकळी सळयांच्या मागे किती खोल गेली आहे हे पाहावे लागते. ती वरवरची निघाली तर घट्ट काँक्रीटपर्यंत साफ करून योग्य मॉर्टरने भरता येते; सळयांच्या मागे गेली असेल तर भोवती फर्मा बांधून आकुंचन न पावणारे मायक्रो-काँक्रीट ओतावे लागते; आणि गाभाच पोखरलेला असेल तर कॉलमला जॅकेट घालणे (भोवती नव्या सळया व काँक्रीट चढवणे) किंवा तो भाग तोडून नव्याने भरणे यांपैकी एक करावे लागते. यांतले काय करायचे हे ठेकेदाराने ठरवायचे नसते आणि दुरून मीही ते ठरवू शकत नाही. छिन्नी लावण्याआधी आसपासच्या बीमना टेकू असणे मात्र अत्यावश्यक आहे.

हा निर्णय आपल्या आरसीसी डिझाइन करणाऱ्या अभियंत्याचा आहे. महापालिकेकडे बांधकाम परवानगीच्या कागदांत त्यांचे नाव असते. त्यांना जागेवर बोलवा आणि त्यांचे मत लेखी मागा. ते टाळाटाळ करू लागले तर दुसऱ्या स्ट्रक्चरल अभियंत्याकडून तपासणी करून घ्या. हातोड्याची, म्हणजे रिबाउंड हॅमरची चाचणी स्वस्त आहे, पण तिचा ताकदीचा अंदाज २५ टक्क्यांनी वरखाली होऊ शकतो, म्हणून तिच्या एकट्या आकड्यावर भांडू नका. सोबत आतल्या पोकळ्या दाखवणारी अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींची) चाचणी घ्या आणि अभियंत्याने सांगितल्यास एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून गाभ्याचे (काँक्रीटमधून कापून काढलेले दंडगोल) नमुने काढून घ्या. नमुने किमान तीन हवेत. एम-३० साठी त्यांची सरासरी २५.५ आणि कोणताही एक नमुना २२.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या खाली नसावा, असा मानकाचा निकष आहे. स्लॅबच्या दिवशी क्यूब (ताकद तपासण्यासाठीचे काँक्रीटचे ठोकळे) भरले होते का, हेही ठेकेदाराला विचारा. भरले नसतील तर ते त्यांच्याकडून लेखी घ्या.

आता हप्ता. वादावादी न करता एक साधे पत्र लिहा : तारीख, दोषांचे वर्णन, मोजमाप, टेप धरून काढलेली छायाचित्रे, आणि अभियंत्याच्या लेखी सूचनेप्रमाणे दुरुस्ती होऊन त्यांची सही येईपर्यंत पुढचे काम व पुढचा हप्ता थांबवत असल्याची सूचना. ते स्पीड पोस्टने पाठवा आणि त्याचीच प्रत व्हॉट्सॲपवरही द्या. गावचा माणूस, यजमानांची ओळख, यामुळे असे पत्र लिहिणे आपल्याला कठोर वाटेल याची मला जाणीव आहे. पण अशा नात्यात तोंडी बोलणेच अधिक बिघडते; कागदावर फक्त काम असते, माणूस नसतो. चांगला ठेकेदार या पत्रावर रागावत नाही, तो दुरुस्तीची तारीख कळवतो. दुरुस्तीची संधी मात्र त्यांना जरूर द्या, कारण पुढे ग्राहक आयोगापुढे जावे लागले तर ती दिली होती का, हा पहिला प्रश्न येतो.

अनेक वाचक अशा वेळी महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) जाण्याचा सल्ला देतात. आपल्या बाबतीत तो लागू नाही, कारण आपण विकसकाकडून घर घेतलेले नाही, स्वतःच्या भूखंडावर ठेक्याने बांधून घेत आहात. आपला मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा आहे; त्यातील सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट समावेश आहे. मोबदला ५० लाखांपर्यंत असल्याने तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आपण राहता त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ही दोन वर्षे आश्वासनांत सहज निघून जातात, म्हणून पहिल्या पत्राची तारीख जपून ठेवा.

४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्यात शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसे गेली. आपल्या घराची स्थिती तशी आहे असे मी म्हणत नाही. पण त्या दिवसापासून "प्लास्टरमध्ये झाकून देतो" हे वाक्य मी कोणत्याही कामावर खपवून घेतलेले नाही, आणि आपणही घेऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सदनिकेचा ताबा तीन वर्षांपूर्वी मिळाला. हॉलमधील बीमला टोकाजवळ तिरकी भेग पडली आहे. विकसक म्हणतात की एक वर्षाची हमी संपली. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : नाही. आपला प्रकल्प महारेरात नोंदलेला असेल तर रेरा कायद्याच्या कलम १४ (३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत कळवलेला संरचनेतील किंवा कारागिरीतील दोष विकसकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. करारातील एक वर्षाच्या हमीने हा हक्क कमी होत नाही. वीट आणि बीम यांच्या सांध्यावरची केसासारखी आडवी रेघ बहुधा निरुपद्रवी असते, परंतु आधाराजवळची तिरकी भेग अभियंत्याला दाखवल्याशिवाय राहू नका. तोपर्यंत भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहा आणि दर पंधरवड्याला पाहा. भेग खुणेच्या पुढे सरकली, तर त्या बीमखाली त्याच दिवशी टेकू लावून घ्या आणि सोसायटीच्या समितीला लेखी कळवा.