गव्हाणीतला कडबा शेळीने खाल्ला तर?

प्रश्न : जय ख्रिस्त, बाई. शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेच्या, नाताळ नाटकाची जबाबदारी यंदा पुन्हा माझ्यावर आली आहे. गेल्या वर्षी नुसता गोंधळ झाला. गब्रीएल देवदूत झालेला मुलगा ऐनवेळी जाऊन आईच्या मांडीवर बसला, एका मेंढपाळाने दुसऱ्याच्या डोक्यात काठी घातली आणि बाळ येशूला भेटी आणणाऱ्या ज्ञानी लोकांच्या तीन जागांवरून पाच आया भांडल्या. लोक हसले. नाताळचं गांभीर्य गेलं, असं मंडळीतले वडीलधारे म्हणतात. यंदा संवाद आधीच रेकॉर्ड करून मुलांना नुसते ओठ हलवायला लावू का?
– एक शिक्षिका, श्रीरामपूर

उत्तर : अगं, ओठ हलवणारा गब्रीएल बघायला एवढ्या थंडीत कोण येणार?

आधी आयांचं भांडण मिटवू. त्यांच्यासमोर बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान उघडून ठेव. सोने, ऊद, गंधरस अशा भेटी तीन. माणसं किती आली ते मत्तय लिहीत नाही. पाचही जणांना घे. उतारशाळेचा, म्हणजे धर्मशाळेचा, मालकसुद्धा लूकच्या शुभवर्तमानात नाही, जागा नव्हती एवढंच आहे. तरी आपण दरवर्षी एका गरीब पोराला दार लावायला उभं करतोच. बैल-गाढवाचंही तेच. पण १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने गव्हाण मांडली, तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणवलं होतं. आता खरं जनावर आणलं की काय होतं, ते मला विचार.

मी नेवासे तालुक्यात शिकवत होते. बैल कुणी देईना, म्हणून शेजारची शेळी आणली. गव्हाण म्हणजे फळांचं खोकं. त्यात कडबा, वर माझ्या भाचीची प्लास्टिकची बाहुली, जुन्या धोतराच्या बाळंत्यात गुंडाळलेली. दुसरं गीत निम्म्यावर आलं आणि शेळीने खोक्यात तोंड घातलं. कडब्याबरोबर बाळंत्याचं टोकही ओढलं. बाळ येशू खाली, मुंडकं एकीकडे, धड एकीकडे. योसेफ पळाला. सगळी मंडळी हसतेय आणि मी पडद्यामागे, म्हणजे सतरंजीमागे, कपाळाला हात लावून बसलेली.

मरीया नऊ वर्षांची होती. तिने "सर बाजूला, मेले!" म्हणत शेळीला एक चापट दिली, बाहुलीचं मुंडकं दाबून बसवलं, ओढणीने तोंड पुसलं आणि मांडीवर घेऊन थोपटायला लागली. संवाद पार विसरली. घरी तिचा पाच महिन्यांचा भाऊ दिवसभर तिच्याच कडेवर असायचा, ती हाताची सवय. हसणं हळूहळू ओसरलं. मागच्या बाकावरून एक म्हातारी ओरडली, "मानेला हात लाव गं!" तिने लावला. शेळी बाजूला उरलेला कडबा खात होती. गव्हाण शेवटी तिचीच. जागा मागायला गेलो होतो ते आपण. इतक्या वर्षांत लूकचा दुसरा अध्याय वाचताना मला तेच खोकं दिसतं.

वडीलधाऱ्यांशी वाद घालू नकोस, त्यांना पुढच्या बाकावर बसव. गब्रीएलच्या आईला स्टेजच्या पायरीवरच बसू दे. 'भिऊ नको' असं त्याने मरीयेला म्हणायचं, तर त्याच्या कानात ते आधी कुणीतरी म्हणायला हवं ना? मांडीवरून बोलला तरी चालेल. काठ्या मात्र काढून घे, मेंढपाळांना घोंगडी पुरे.

आणि शेळी आणणार असशील, तर तिला आधी पोटभर पाला घाल. मी घातला नव्हता.