कौतुक लिहिताना

मित्रा,

अमेरिकेचा गायक-गीतकार जॉन प्राइन याच्यावरचा तुझा लेख मिळाला. दोनदा वाचला. तुझं प्रेम ओळीओळीत दिसतं आणि त्यात खोटं काही नाही, हे आधी सांगतो. पण ज्याने प्राइनचं नावही ऐकलेलं नाही असा वाचक हा लेख संपवून लगेच फोनवर त्याचं गाणं शोधेल का? मला तसं वाटत नाही. पहिल्या परिच्छेदात 'अद्वितीय' आहे, 'अस्सल' आहे, 'काळजाला हात घालणारा' आहे, 'मातीशी नाळ जोडलेला' आहे, फक्त गाणं एकही नाही. हीच विशेषणं उचलून दुसऱ्या कुठल्याही गायकावरच्या लेखात टाकली तरी चपखल बसतील. कौतुक करणाराने सगळ्यात आधी हे तपासावं: या वाक्यातलं नाव बदललं तर वाक्य उभं राहतं का? राहत असेल, तर ते वाक्य त्या कलाकाराचं नव्हेच.

प्राइनला मिळालेलं पहिलं छापील कौतुक तुझ्यासमोर ठेवतो, कारण त्याहून चांगला नमुना मला माहीत नाही. ९ ऑक्टोबर १९७० च्या 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये रॉजर ईबर्टने ते लिहिलं. प्राइन दुसऱ्या दिवशी २४ वर्षांचा होणार होता. त्याची तोवर एकही रेकॉर्ड निघालेली नव्हती. शिकागोच्या पश्चिमेच्या उपनगरात तो दिवसा टपाल वाटायचा आणि चालता चालता मनात गाणी रचायचा. ईबर्टही संगीताचा समीक्षक नव्हता, तो सिनेमावर लिहायचा. पॉपकॉर्न फार खारट झालं म्हणून ईबर्ट सिनेमा अर्धवट सोडून बिअर प्यायला बाहेर पडला आणि आर्मिटेज अव्हेन्यूवरच्या 'फिफ्थ पेग' नावाच्या छोट्या क्लबात शिरला, असं प्राइन पुढे सांगायचा.

आता ईबर्टने काय लिहिलं ते बघ. हा माणूस इतक्या संकोचाने मंचावर येतो की जणू पाठमोरा चालत प्रकाशात शिरतोय. हळू आवाजात गातो. गिटार चांगली वाजवतो, पण मिरवत नाही. सुरुवात संथ असते, आणि एकदोन गाणी झाली की तिथली प्यायलेली माणसंसुद्धा शब्द ऐकायला लागतात. हे सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं आहे. त्यानंतर तो सरळ गाण्यांच्या ओळींकडे वळतो आणि त्या ओळींना बोलू देतो. टेकायला पुरस्कार नव्हते, गायकाच्या नावामागे कंपनी नव्हती. जे ऐकलं त्यावर विश्वास ठेवून त्याने शहराला कळवलं की अमुक ठिकाणी एक गाणारा पोस्टमन आहे, जाऊन ऐका. लोक गेले. त्यानंतर त्या क्लबात आपल्याला रिकामी खुर्ची दिसली नाही, असं प्राइनने पुढे सांगितलं आहे. समीक्षेकडून मी एवढीच अपेक्षा करतो, आणि ती फार मोठी अपेक्षा आहे.

तुझ्या लेखात 'एंजल फ्रॉम माँटगमेरी'वर एकच वाक्य आहे: 'स्त्रीमनाचा हळुवार वेध'. अरे, पहिलीच ओळ बघ ना. विशीतला पोस्टमन गिटार घेऊन उभा राहतो आणि सांगतो, मी म्हातारी बाई आहे, माझं नाव माझ्या आईच्या नावावरून ठेवलंय. कुठलीही प्रस्तावना नाही, 'कल्पना करा' नाही. ऐकणारा त्या क्षणी एकतर हसेल किंवा विश्वास ठेवेल, आणि तो विश्वास ठेवतो. का ठेवतो, हे शोधणं तुझं काम. माझ्या मते ते शेवटच्या कडव्यातल्या माश्यांमुळे. स्वयंपाकघरात माश्या घोंगावतायत, त्यांचा आवाज तिला ऐकू येतोय, आणि सकाळी उठल्यापासून आपण काहीच केलेलं नाही हे ती सांगते. माश्यांचा आवाज ऐकू येण्याइतकं ते घर शांत आहे. नवरा सकाळी कामावर जातो, संध्याकाळी येतो आणि त्याच्याकडे बोलायला काही नसतं. त्या बाईच्या संसाराची सगळी हकीकत एवढ्यात आली. तू वाचकाला त्या माश्यांपर्यंत नेऊन सोड, पुढचं तो स्वतः ऐकेल. गायिका बॉनी रेटने १९७४ च्या 'स्ट्रीटलाइट्स' अल्बममध्ये हे गाणं गायलं आणि ते घराघरांत पोचलं, हेही सांग, पण माश्यांनंतर.

'हॅलो इन देअर'बद्दल 'वृद्धांच्या व्यथेला वाचा फोडली' हे वाक्य काढून टाक. त्याऐवजी ते गाणं कुठून आलं ते लिही. प्राइन लहानपणी एका वृद्धाश्रमात वर्तमानपत्रं टाकायचा. खोलीखोलीत जाऊन द्यावी लागत. त्यातले काही म्हातारे असं भासवायचे की पेपर टाकणारा पोरगा नाही, आपला नातू किंवा पुतण्याच भेटायला आलाय. हे तो मुलगा विसरला नाही. मोठा होऊन त्याने जे लिहिलं त्यात एक जोडपं आहे, दूरदूर पांगलेली मुलं आहेत, कोरियाच्या युद्धात गेलेला एक मुलगा आहे, आणि कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला फोन करावा का असा विचार करून तो सोडून देणारा म्हातारा आहे. फोन केला तर बोलणार काय?

आता मथळ्याकडे येतो. 'अमेरिकेचा शाहीर' हा मथळा मी जाऊ देणार नाही. तुझा हेतू मला कळतो, मराठी वाचकाला ओळखीचा धागा द्यायचा आहे. पण प्राइनला याच प्रकारच्या कौतुकाचा सगळ्यात जास्त त्रास झाला. १९७१ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा समीक्षक त्याला 'नवा डिलन', म्हणजे दुसरा बॉब डिलन, म्हणून मोकळे झाले. लाउडन वेनराइटलाही तेच म्हटलं, ब्रूस स्प्रिंगस्टीनलाही तेच. तीन अगदी वेगळ्या चालीची माणसं एकाच झेंड्याखाली उभी केली. वाचकाला वाटतं की आपल्याला माहिती मिळाली, प्रत्यक्षात त्याला जे आधीच ठाऊक होतं तेच परत मिळालेलं असतं. शिवाय तुलनेने अपेक्षा चुकीची तयार होते. डिलन ऐकायला बसलेल्याला प्राइन साधा, जरा गमत्याच वाटेल आणि तो उठून जाईल. शाहिरी डफ-तुणतुण्याच्या अपेक्षेने आलेल्या आपल्या वाचकाचंही तेच होईल. खुद्द डिलनने २००९ मध्ये एका मुलाखतीत प्राइनची मनापासून स्तुती केली, आणि ते वाक्य तेव्हापासून प्राइनवरच्या प्रत्येक लेखात चिकटवलं जातं. तुझ्याही लेखात ते आहे. खुशाल ठेव, पण शेवटाकडे. आधी तुझं म्हणणं येऊ दे. मोठ्या माणसाच्या शिफारशीमागे उभं राहून लिहिलेलं कौतुक वाचकाला लगेच ओळखू येतं.

स्टीव्ह गुडमनचा उल्लेख तू केलेला नाहीस, तो घालच. गुडमनही शिकागोचा, स्वतः गाणी लिहिणारा, स्वतःलाही संधी हवी असलेला. १९७१ मध्ये तो नावाजलेला गायक-गीतकार क्रिस क्रिस्टॉफरसन याच्या कार्यक्रमाआधी गायचा. क्रिस्टॉफरसन आणि गायक पॉल अँका त्याच्यावर खूश झाले, तेव्हा त्याने काय करावं? आपलं घोडं पुढे दामटण्याऐवजी तो म्हणाला, माझ्या मित्राला ऐका. रात्री उशिरा त्यांना घेऊन तो 'अर्ल ऑफ ओल्ड टाउन' या क्लबात गेला. क्लब बंद व्हायची वेळ होती, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. प्राइन त्या उलट्या खुर्च्यांसमोर गायला. सगळी गाणी झाल्यावर क्रिस्टॉफरसनने ती पुन्हा गायला सांगितली, आणि आणखी असतील तीही. पुढे न्यूयॉर्कच्या 'बिटर एंड' क्लबात क्रिस्टॉफरसनने त्याला स्वतःच्या मंचावर उभं केलं, तिथे अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीचा जेरी वेक्सलर बसला होता, आणि करार झाला. मला स्वतःला गुडमनचं वागणं कुठल्याही परीक्षणापेक्षा मोठं वाटतं. तू कलावंतांच्या जगावर लिहिणार आहेस, तर या माणसांकडे लक्ष असू दे.

तुझ्या लेखात 'स्वतंत्र कलाकार' हा शब्दप्रयोग सारखा येतो, पण स्वतंत्र म्हणजे पैसे कोण देतं, हे कुठेच येत नाही. ते सांगायला हवं. पहिल्या अल्बमची वाखाणणी सगळ्यांनी केली, पण तेव्हा तो बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमांच्या, यादीत १५४ व्या क्रमांकापुढे गेला नाही. अटलांटिककडे चार अल्बम, असायलम कंपनीकडे तीन. आठवा अल्बम मोठ्या कंपनीकडे गेला नाही. व्यवस्थापक अल बनेटाला घेऊन प्राइनने १९८० नंतर 'ओ बॉय रेकॉर्ड्स' हे स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं. श्रोत्यांनी पुढच्या अल्बमसाठी आगाऊ चेक पाठवले, आणि त्या पैशातून १९८४ मध्ये 'एमलेस लव्ह' निघाला. इंटरनेटवरून पैसे गोळा करण्याची सोय त्या काळी नव्हती. माणसाने पाकिटात चेक घालायचा, तिकीट लावायचं, आणि अजून न झालेल्या गाण्यांसाठी पोस्टात टाकायचा. अशा श्रोत्यांच्या बळावर तो टिकला. त्याच लेबलवरच्या 'द मिसिंग इयर्स'ला ग्रॅमी मिळालं, नंतर २००५ च्या 'फेअर अँड स्क्वेअर'लाही. त्याच वर्षी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्रकवी टेड कूझर यांनी त्याला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बोलावलं. हा सगळा प्रवास तू 'कालांतराने मान्यता मिळाली' एवढ्यात उरकला आहेस.

एक गोष्ट तू झाकली आहेस, ती उघड लिही. १९९८ मध्ये मानेच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा आवाज बदलला. तू लिहितोस, 'आवाजाला नवी खोली आली'. आवाज खरखरीत झाला, खाली उतरला, जुन्या पट्टीत गाता येईना. जुन्या गाण्यांच्या पट्ट्या उतरवून तो ती पुन्हा गायला लागला, आणि त्यामुळे ती आपल्यालाच नव्याने भेटली असं त्याने म्हटलं आहे. ही हकीकत जशी घडली तशीच ठेव, तिला सजवायची गरज नाही. तसंच सगळे अल्बम सारखेच थोर आहेत असंही लिहू नकोस. १९७९ च्या 'पिंक कॅडिलॅक'मध्ये त्याने मेम्फिसचा जुना रॉकाबिली (कंट्री आणि रॉक अँड रोल यांच्या मिश्रणाचा) बाज धरला, तो मला आवडतो, पण त्यात शब्द मागे पडतात आणि प्राइनच्या बाबतीत शब्द मागे पडणं हे मोठं नुकसान आहे. एखाद्या ठिकाणी हात आखडता घेतलास तर बाकीच्या कौतुकावर वाचक विश्वास ठेवील.

लेखाची सुरुवात त्याच्या मृत्यूने करू नकोस. ७ एप्रिल २०२० ला कोविडने तो गेला, हे सांगायचंच आहे, पण पहिल्या ओळीत ते आलं की सगळा लेख श्रद्धांजली होऊन बसतो. त्याआधी दोनच वर्षं, वयाच्या ७१ व्या वर्षी, स्वतःच्या लेबलवरचा त्याचा 'द ट्री ऑफ फरगिव्हनेस' बिलबोर्डच्या यादीत थेट ५ व्या क्रमांकावर आला होता. तोवरच्या कारकिर्दीतला तो त्याचा सगळ्यात वरचा क्रमांक. माणूस शेवटपर्यंत चढत्या भाजणीत होता, तेच दिसू दे.

सुरुवात 'पॅराडाइज'ने कर, असं मी सुचवतो. प्राइनचे आईवडील केंटकीमधल्या म्यूलेनबर्ग काउंटीचे. ग्रीन नदीच्या काठी पॅराडाइज नावाचं छोटं गाव होतं. पीबॉडी या कोळसा कंपनीने आजूबाजूची जमीन वरून खरवडून कोळसा काढला, आणि १९६७ मध्ये टेनेसी व्हॅली अथॉरिटी या सरकारी वीज संस्थेने उरलेलं गाव विकत घेऊन पाडलं. गाण्यात मुलगा वडिलांना म्हणतो, मला तिथे घेऊन चला, आणि वडील म्हणतात, फार उशीर केलास, कोळशाच्या गाडीने ते गाव कधीच नेलं. उघड्या खाणी आपल्या चंद्रपूर-वणीच्या वाचकाला समजावून सांगाव्या लागणार नाहीत, बाकीच्यांसाठी दोन वाक्यं घाल. हे गाणं त्याने वडिलांसाठी लिहिलं होतं. ध्वनिमुद्रित टेप घेऊन तो घरी गेला तेव्हा वडील ऐकायला शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, गाणं ज्यूकबॉक्सवर, म्हणजे हॉटेलातल्या नाणं टाकून गाणी लावायच्या यंत्रावर, लागलंय असं वाटावं म्हणून.

आपल्या पोराचं गाणं कुठल्यातरी हॉटेलात, अनोळखी लोकांमध्ये वाजताना ऐकावं, असं त्या बापाला वाटलं. प्राइनवर आजवर छापून आलेल्या स्तुतीत मला याहून मोठं काही सापडत नाही, आणि ते तुझ्या लेखात नाही.

शब्दमर्यादेची काळजी करू नकोस. विशेषणं काढलीस की जागा आपोआप होईल, आणि तरी 'पॅराडाइज'चा परिच्छेद लांबला तर पुरवणीत अर्धा कॉलम मी वाढवून देतो. शेवटी चौकटीत फक्त दोन अल्बमांची नावं दे, १९७१ चा पहिला आणि २०१८ चा शेवटचा. नवा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव, म्हणजे शुक्रवारी पान लावताना आपण दोघं मिळून मथळा ठरवू.

तुझा,
पुरवणीचा जुना संपादक