चिठ्ठी पाहून झाल्यावर विचारायचे ते

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

सिल्डेनाफिल, म्हणजे पुरुषांच्या ताठरतेच्या अडचणीवरची गोळी, मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी काय बोलावे, असे तू विचारले आहेस. कायद्यापुरते उत्तर सोपे आहे: हे औषध शेड्यूल एचमधले असल्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीविना द्यायचे नाही. परंतु चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसालाही काही विचारावे लागते आणि नेमके तेच राहून जाते, कारण मागणारा संकोचलेला असतो आणि देणाराही स्ट्रिप कागदात गुंडाळून मोकळा होण्याच्या घाईत असतो.

सर्वांत आधी हृदयाच्या औषधांबद्दल विचार. ‘नायट्रेट घेता का’ असे विचारून उपयोग नाही. ‘छातीत दुखले तर जिभेखाली ठेवायची गोळी जवळ बाळगता का’ असे विचारलेस की सॉर्बिट्रेटचे, म्हणजे नायट्रेटच्याच एका गोळीचे, नाव आपोआप निघते. नायट्रेट आणि सिल्डेनाफिल या दोहोंमुळे रक्तवाहिन्या सैलावतात. दोन्ही एकत्र पोटात गेली तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की माणूस दगावतो. छातीच्या दुखण्यावरच्या निकोरँडिल या औषधालाही हाच नियम लागू आहे. सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास आणि त्याच जातीच्या टाडालाफिलनंतर किमान 48 तास नायट्रेट देत नाहीत, म्हणून गोळी घेतल्यावर छातीत दुखू लागले तर रुग्णालयात पोहोचताच ‘मी ही गोळी घेतली आहे’ हे लाज न बाळगता सांगावे, असे प्रत्येकाला बजावून ठेव. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल, तर ते डॉक्टरांना ठाऊक आहे ना, एवढी खात्री करून घे.

मात्रा डॉक्टर ठरवतात. सुरुवात बहुधा 50 मिलिग्रॅमने होते, वयस्कर किंवा यकृत-मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना 25. सुमारे तासभर आधी घ्यायची, आणि तुपातेलाच्या भरपेट जेवणानंतर घेतली तर परिणाम लांबतो. मुळात इच्छा नसेल तर गोळी काहीच करत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते, आणि मग ‘लागू पडली नाही’ म्हणून ते त्याच रात्री दुसरी घेतात. चोवीस तासांत एकच, हे स्पष्ट सांग. डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे हे त्रास नेहमीचे आहेत. मात्र ताठरता चार तासांहून अधिक राहिली किंवा एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

‘पूर्णपणे आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक कॅप्सूल तू दुकानात ठेवू नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा ‘नैसर्गिक’ उत्पादनांत वेष्टनावर न छापलेले सिल्डेनाफिल आढळल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वारंवार जाहीर केले आहे. सॉर्बिट्रेट घेणारा माणूस तर हीच निर्धोक समजून जवळ करतो.

आणखी एक. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे धमन्यांचा विकार कित्येकदा तिथे आधी जाणवतो आणि छातीत काही वर्षांनी. चाळिशीतला माणूस महिन्यामागून महिने स्ट्रिप नेत असेल, तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासले आहे का, हे विचारण्याचा तुला अधिकार आहे. पंचविशीतल्या मुलाची गोष्ट निराळी. पहाटे ताठरता नीट येत असेल तर अडचण बहुधा मनावरच्या ताणाची असते आणि त्याला गोळीपेक्षा डॉक्टरांशी निवांत बोलण्याची गरज अधिक असते.

हे सारे काउंटरवर चारचौघांत विचारू नकोस. बाजूला दोन खुर्च्या ठेवून घे.

तुझा,
काका