गाभाऱ्यात अंधार का?

प्रिय सोनू,

तू विचारलंस, "देवळात गाभाऱ्यात एवढा अंधार का असतो, आणि आपल्याला उंबरठ्याबाहेर का थांबवतात? इथल्या चर्चमध्ये तर थेट पुढपर्यंत जाता येतं."

आज जाता येतं गं, पूर्वी येत नव्हतं. इंग्लंडमध्ये हेरफर्डशरमधल्या किलपेक गावचं चर्च घे. ते साधारण ११४० सालचं. आपलं अंबरनाथचं शिवमंदिर १०६०चं, म्हणजे दोघांत जेमतेम ऐंशी वर्षांचं अंतर.

किलपेकमध्ये पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून पूर्वेकडे बघितलं की एकामागे एक तीन दालनं दिसतात: लोकांचं नेव्ह, पाद्र्यांचं चान्सेल आणि शेवटी अर्धगोल ॲप्स. आपल्या सभामंडप, अंतराळ (दोन्हींमधलं छोटं दालन) आणि गाभारा यांचाच क्रम. मध्ये कमानी, आणि प्रत्येक कमानीपाशी वाट आवळत जाते. चान्सेलच्या कमानीला दोन्ही बाजूंनी तीन-तीन संत एकावर एक उभे कोरलेत. आपल्या द्वारशाखांची, म्हणजे गाभाऱ्याच्या कोरीव दारचौकटीची, हटकून आठवण होते.

मध्ययुगात बहुतेक चर्चमध्ये या कमानीत कोरीव लाकडी जाळी असे आणि तिच्यावर मोठा क्रूस. लोक जाळीअलीकडे. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या काळात ते क्रूस उतरवले, १५५०च्या सुमारास दगडी वेद्या काढून लाकडी टेबलं आणली. खर्चाची वाटणीही त्याच कमानीवर होती: नेव्हची डागडुजी गावाने करायची, चान्सेलची दशांश (पिकाचा दहावा हिस्सा) घेणाऱ्या रेक्टरने, म्हणजे तिथल्या मुख्य पाद्र्याने. रेक्टरची जुनी जमीन ज्यांच्याकडे आली, त्यांच्यावर हा बोजा काही ठिकाणी अजूनही आहे!

आता अंधार. दगडी छत आणि अर्धगोल कमानी भिंतीला बाहेर रेटतात, म्हणून भिंत जाड आणि खिडकी चिंचोळी. पण तीच खिडकी आतल्या बाजूने पसरट कापतात, म्हणजे थोडा उजेडही लांबवर पोचतो. त्यांना उजेड हवा होता, मिळेल तेवढा घेतला. आपल्याकडे तो मुद्दामच घेतलेला नाही. गाभारा म्हणजे गर्भगृह. त्याला खिडकी नाही. अंबरनाथला तर पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. डोळे अंधाराला सरावतात आणि समईच्या उजेडात फक्त देव दिसतो. आणि उंबरठ्याबाहेर सगळीकडेच थांबवत नाहीत. पंढरपूरला विठोबाच्या पायांवर डोकं ठेवता येतं.

किलपेकच्या छपराच्या कडेखाली भिंतीतून पुढे आलेले कोरीव दगड आहेत. मूळचे ९१, उरले ८५. त्यात कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी आहेत, ते चुकवू नकोस.

किलपेकचा दगड वालुकाश्म. असा दगड सिमेंटने बिघडतो. जुनी दरज, म्हणजे दगडांमधल्या सांध्यातला भराव, चुन्याची. चुना दगडापेक्षा मऊ, ओल त्यातून बाहेर पडते, झिजला तर पुन्हा भरता येतो. सिमेंटची दरज ओल अडवते, मग ओल दगडात शिरते, हिवाळ्यात गोठून फुगते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. कोरीव काम त्या पापुद्र्यातच असतं.

शाळेजवळच्या चर्चमध्ये चान्सेलची कमान बघ. अर्धगोल असेल तर बहुधा ११८०च्या आधीची, टोकदार असेल तर नंतरची. कडा अगदी धारदार, सगळे दगड एकसारखे दिसले, तर एकोणिसाव्या शतकातली दुरुस्ती समज. दरजेत नखाने हलकेच ओरखडून बघ, मऊ लागली तर चुना, कडक तर सिमेंट; दगडाला मात्र हात लावू नकोस. काय सापडलं ते कळव.

तुझी
आई