बैठका मारलेल्या पायांना बारची ओळख

प्रश्न : माझे वय 29 आहे. लहानपणी शिवाजी पेठेतल्या तालमीत भरपूर जोर-बैठका मारल्या. नोकरीत दहा वर्षे सगळे सुटले. आता वेटलिफ्टिंगची ओढ लागली आहे, पण पहिल्याच आठवड्यात 60 किलोची डेडलिफ्ट (वजन लावलेला लोखंडी दांडा, म्हणजे बार, जमिनीवरून उचलून ताठ उभे राहणे) मारताना कंबर धरली. सुरुवात किती वजनाने करावी?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कळ पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. स्नायू नुसते आखडले असतील, तर ते पूर्ण मोकळे होईपर्यंत बारला हात लावू नये.

तुमच्या मांड्यांत ताकद नक्की असेल. मात्र बैठकीत टाचा उचलल्या जातात आणि गुडघे पुढे जातात. डेडलिफ्टमध्ये टाचा जमिनीला घट्ट ठेवून, पाठ सरळ राखून कंबर मागे न्यावी लागते, आणि ही हालचाल बैठकांनी शिकवलेली नसते. त्यासाठी तालमीतलीच लाठी घ्यावी. ती पाठीवर उभी अशी धरावी की डोके, दोन्ही खांद्यांमधली जागा आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकेल. मग गुडघे किंचित वाकवून कंबर मागे न्यावी. लाठी एखाद्या ठिकाणी सुटली, की पाठ वाकली असे समजावे. दोन आठवडे रोज एवढेच केले तरी ते वाया जाणार नाही.

त्यानंतर बार. पुरुषांचा स्पर्धेचा बार नुसताच 20 किलोचा असतो, आणि नवख्याला तेवढे पुरते. एक गोष्ट बऱ्याच जिममध्ये नजरेआड होते : बारच्या टोकांना लावायच्या स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा (वजनाच्या चकतीचा) व्यास 45 सेंटिमीटर असल्यामुळे बार जमिनीपासून सुमारे वीतभर उंच राहतो, पण छोट्या प्लेट लावल्या की तो खाली जातो आणि उचलणाऱ्याची पाठ आपोआप वाकते. तुमचेही तसेच झाले असण्याची शक्यता आहे. अशा वेळी बारखाली ठोकळे ठेवून उंची भरून काढावी.

आठवड्यातून तीन दिवस, पाच-पाचचे तीन सेट पुरेत, म्हणजे सलग पाच वेळा उचलायचे, असे तीनदा. शेवटचा सेटही स्वच्छ झाला, तरच पुढच्या वेळी अडीच किलो वाढवावेत. शेजारच्या सांगलीच्या संकेत सरगर यांनी 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात, स्नॅच (बार एका झटक्यात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) मिळून 248 किलो उचलून रौप्यपदक मिळवले. एवढ्या हलक्या देहाने इतके वजन निव्वळ दंडाच्या जोरावर उचलले जात नाही, त्याला तंत्र लागते. हे दोन प्रकार मात्र लाठीवर आणि प्रशिक्षकासमोरच शिकावेत. पळण्याचे मऊ तळव्याचे बूट बार उचलायच्या दिवशी घरीच ठेवावेत.